घरच्या व्यायामासाठी ठरावीक वजनाचे डंबेल: किती किलोचे, किती जोड्या, कोणत्या बनावटीचे

डंबेल घ्यायचे म्हटलं की बहुतेक जण दोन टोकं गाठतात. एक तर ५ किलोची जोडी आणून महिन्याभरात तिचा कंटाळा येतो, नाहीतर २.५ पासून २५ किलोपर्यंतचा पूर्ण सेट घ्यायचा बेत ठरतो. २.५ किलोच्या टप्प्यांनी तो सेट दहा जोड्यांचा होतो आणि त्याचं एकूण वजन भरतं २७५ किलो. घरात एवढं लोखंड कुणालाच लागत नाही. नीट निवडलेल्या दोन-तीन जोड्या आणि एक जड सुटा डंबेल, एवढ्यावर वर्ष-दीड वर्षाचा व्यायाम आरामात निघतो. अट एकच: आकडे अंदाजाने न ठरवता व्यायामावरून ठरवायचे.

ठरावीक वजनाचे की बदलत्या वजनाचे?

हा प्रश्न आधी निकालात काढू. बदलत्या वजनाचा डंबेल जागा वाचवतो, पण त्यात लॉक, पिना, खाचा किंवा नट असतात. हे भाग झिजतात, अडकतात आणि आपटलेलं त्यांना सोसत नाही. शिवाय दोन व्यायामांच्या मध्ये प्लेटा बदलायला वेळ जातो. ठरावीक वजनाच्या डंबेलात बिघडण्यासारखं फार काही नसतं. उचलला, एक सेट (न थांबता सलग केलेली एक फेरी) केला, ठेवला. एका व्यायामावरून लगेच दुसऱ्यावर जायचं असेल किंवा घरातली दोन-तीन माणसं एकाच वेळी व्यायाम करणार असतील, तर हेच सोयीचे. मात्र पाच-सहा जोड्यांची गरज दिसत असेल आणि खोली लहान असेल, तर बदलत्या वजनाचा विचार करण्यात शहाणपण आहे.

पायरी १: व्यायामांची यादी लिहा

वजन ठरवण्याआधी कागदावर सहा-सात व्यायाम लिहा. पूर्ण शरीरासाठी साधारण अशी यादी होते: गॉब्लेट स्क्वॉट (डंबेल छातीशी धरून बैठक), रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सपाट ठेवून कमरेतून झुकत वजन खाली नेऊन पुन्हा उभं राहणं), एका हाताचा रो (पुढे वाकून वजन कमरेकडे ओढणं), फ्लोअर प्रेस (जमिनीवर उताणं झोपून वजन वर ढकलणं), शोल्डर प्रेस (खांद्यापासून डोक्यावर ढकलणं), बायसेप्स कर्ल (कोपरात हात वाकवून वजन वर आणणं), लॅटरल रेज (दोन्ही हात बाजूंना खांद्यापर्यंत उचलणं). बाक असेल तर फ्लोअर प्रेसऐवजी बेंच प्रेस करा.

यादी लागते, कारण एकाच माणसाची ताकद व्यायामागणिक फार बदलते. लॅटरल रेजमध्ये हात लांब पसरलेला असतो. सगळं वजन खांद्याच्या सांध्यापासून दूर जातं आणि ते पेलायला खांद्याचा लहानसा स्नायू असतो. रोमध्ये पाठीचे मोठे स्नायू आणि दंड मिळून ओढतात. सर्वसाधारण नवशिक्याचं प्रमाण असं पडतं: लॅटरल रेजला ३-४ किलो झेपत असेल, तर शोल्डर प्रेसला ६-८, एका हाताच्या रोला १०-१२ आणि गॉब्लेट स्क्वॉटला १२-१६. म्हणजे सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड व्यायामात जवळपास चौपट फरक. एकच जोडी घेणाऱ्याची फसगत इथेच होते. ५ किलोने लॅटरल रेज करताना खांदे कानाला लागतात आणि त्याच ५ किलोने स्क्वॉट करताना पायांना पत्ताही लागत नाही.

बाजारात 'स्त्रियांसाठी' म्हणून रंगीत १-२ किलोच्या जोड्या दिसतात. खांद्याच्या काही हालचालींना किंवा दुखापतीनंतरच्या व्यायामाला त्या ठीक. पण कुठल्याही निरोगी प्रौढ व्यक्तीच्या पायांना आणि पाठीला त्या अपुऱ्याच पडतात. वजन माणसाकडे पाहून न ठरवता चाचणी घेऊन ठरवायचं.

पायरी २: विकत घेण्याआधी घरीच चाचणी

१ लिटर पाण्याचं वजन १ किलो. या एका गोष्टीवर चाचणी उरकते.

लॅटरल रेजसाठी २ लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या घ्या. रोसाठी बादली घ्या: आधी रिकामी बादली तोला, मग मोजून पाणी ओता. काठोकाठ भरू नका, दोन-तृतीयांशच भरा, नाहीतर हिसक्यात पाणी बाहेर येतं. बादलीची कडी बारीक असते, तिला फडकं गुंडाळा. दुसरा हात भक्कम खुर्चीवर किंवा पलंगाच्या कडेवर टेका, पाठ सपाट ठेवा आणि बादली कमरेच्या दिशेने ओढा. फ्लोअर प्रेससाठी मूठ असलेला ५ लिटरचा कॅन चालतो. जमिनीवर पाठ टेकून झोपायचं. कोपर खाली येऊन जमिनीलाच टेकतं, त्यामुळे वजन छातीवर येण्याचा धोका कमी. बादली किंवा कॅन डोक्यावर नेऊ नका. शोल्डर प्रेसचा अंदाज फ्लोअर प्रेसवरूनच बांधायचा, साधारण दोन-तृतीयांश धरून.

हालचाल न बिघडवता किती रेप्स झाले, म्हणजे ती हालचाल सलग किती वेळा झाली, ते लिहा. वेग आपोआप मंदावतो, शरीर झोके घेऊ लागतं किंवा पाठ वाकते, तिथे मोजणं थांबवा.

आता थोडं गणित. एका रेपची कमाल ताकद काढायला एप्लीचं सूत्र वापरतात: वजन × (१ + रेप्स ÷ ३०). समजा १० किलोच्या बादलीने १४ रेप्स झाले. १० × (१ + १४/३०) म्हणजे साधारण १४.७ किलो. याच ताकदीवर ८ रेप्स कोणत्या वजनाने होतील? १४.७ ला (१ + ८/३०) म्हणजे १.२७ ने भागा. उत्तर ११.६ किलो. हिंदकळणाऱ्या बादलीपेक्षा डंबेल धरायला सोपा, म्हणून रोसाठी १२ किंवा १२.५ किलो योग्य. दहा-बारा रेप्सच्या पुढे हे सूत्र ढोबळ होत जातं, पण खरेदीपुरतं ते पुरेसं आहे.

ओळखीच्या कुणाकडे डंबेल असतील किंवा व्यायामशाळेत एक दिवस जाता येत असेल, तर बादली बाजूला ठेवा आणि खऱ्या वजनावर चाचणी घ्या. तिथेही मोजायचं तेच: नीट हालचालीत ८ ते १२ रेप्स झाल्यावर आणखी एक-दोन रेप्स शिल्लक आहेत असं वाटेल ते वजन.

पायरी ३: दोन जोड्यांमधलं अंतर टक्क्यांत मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून पाहू.

२.५ किलोचा टप्पा कागदावर सगळीकडे सारखाच दिसतो. हाताला तो सारखा लागत नाही. २० वरून २२.५ वर जाणं म्हणजे १२.५ टक्के वाढ. १० वरून १२.५ म्हणजे २५ टक्के. ५ वरून ७.५ म्हणजे ५० टक्के. २.५ वरून ५ म्हणजे सरळ दुप्पट.

वरचंच सूत्र उलटं वापरलं, तर नव्या वजनाने ८ रेप्स जमण्यासाठी जुन्या वजनाने किती रेप्स यायला हवेत ते कळतं:

- २० → २२.५ किलो: साधारण १३ रेप्स
- १२.५ → १५ किलो: १५-१६ रेप्स
- १० → १२.५ किलो: १७-१८ रेप्स
- ७.५ → १० किलो: २०-२१ रेप्स
- ५ → ७.५ किलो: साधारण २७ रेप्स

शेवटच्या ओळीत बऱ्याच जणांची प्रगती का अडते याचं उत्तर आहे. ५ किलोने १२ रेप्स झाले की लोक ७.५ चा डंबेल उचलतात, तीन रेप्समध्ये हात थरथरतात आणि 'आपल्याला जमत नाही' असं ठरवून टाकतात. ताकद कमी नसते. उडीच मोठी असते.

यातून खरेदीचा नियम निघतो: १० किलोच्या खाली टप्पे लहान ठेवा, १ ते २ किलोचे. १० च्या पुढे २.५ चालतो. २० च्या पुढे ५ चा टप्पाही पाठ आणि पायांच्या व्यायामांना चालून जातो, कारण त्यात १५-२० रेप्सपर्यंत खेचायला हरकत नसते. खांदे आणि दंडांच्या व्यायामांना शक्यतो २५ टक्क्यांच्या आतली उडी बरी.

पण जोड्या तर मोजक्याच घ्यायच्या आहेत. मग हे जमवायचं कसं? वेगवेगळ्या व्यायामांना वेगवेगळी जोडी नेमून द्यायची आणि प्रत्येक व्यायामाच्या रेप्सची पट्टी रुंद ठेवायची, ८-१२ ऐवजी ८-२०. सेट थकव्याच्या जवळ नेला, तर स्नायू हलक्या वजनानेही वाढतात. एका झटक्यात जास्तीत जास्त वजन उचलण्याची ताकद वाढवायला मात्र जड वजनच लागतं.

पायरी ४: किती जोड्या आणि कोणत्या

चाचणीचे आकडे हाताशी असतील, तर खालच्या नमुन्यांत आपली जागा सापडते.

कधीच वजन उचललेलं नाही आणि रोच्या चाचणीत ६-८ किलोच आले: ३ आणि ५ किलोची जोडी, शिवाय १० किलोचा एक सुटा डंबेल. दोन-तीन महिन्यांनी ८ ची जोडी.

रोला १०-१२ किलो आले: ४ आणि ८ किलोची जोडी, शिवाय १६ किलोचा एक सुटा. पुढे १२ ची जोडी.

पूर्वी नियमित व्यायाम केलेला आहे: ७.५ आणि १२.५ ची जोडी, शिवाय २५ चा एक सुटा. पुढे १७.५ ची जोडी.

सुट्या डंबेलचा सल्ला कुणी फारसा देत नाही, पण पैशांचा सगळ्यात चांगला उपयोग तिथेच होतो. गॉब्लेट स्क्वॉट, एका हाताचा रो, एका पायाचं रोमानियन डेडलिफ्ट, सूटकेस कॅरी (एका हातात वजन लटकवून चालणं), पुलओव्हर (उताणं झोपून वजन डोक्यामागे नेऊन परत आणणं) या सगळ्यांना एकच डंबेल लागतो. सगळ्यात जड जोडी म्हणजे सगळ्यात महाग आणि सगळी जागा खाणारी खरेदी. तिच्या जागी निम्मं वजन घेऊन पाय आणि पाठ दोन्हींची सोय होते. पुढे ताकद वाढून तेच वजन प्रेसला लागू लागलं, की त्याच मॉडेलचा दुसरा घेऊन जोडी पूर्ण करा. त्यासाठी पहिल्या डंबेलचं मॉडेल आणि हँडलचा व्यास लिहून ठेवा. वेगळ्या जाडीचं हँडल दुसऱ्या हातात आलं की लगेच जाणवतं.

सगळ्यात हलकी जोडी शेवटी घेतली तरी चालते. लॅटरल रेज काही आठवडे पाण्याच्या बाटल्यांवर भागतं.

पायरी ५: लेबल नीट वाचा

'१० किलो डंबेल सेट' असं लिहिलेलं असतं, तेव्हा कधी एक डंबेल १० किलोचा असतो, तर कधी दोन्ही मिळून १०. किंमत संशयास्पद कमी वाटली, तर बहुधा दुसरा प्रकार. 'प्रत्येकी' किंवा 'जोडीचं एकूण' असा उल्लेख शोधा. नसेल तर विचारा.

दुसरी गल्लत पौंडांची. १ पौंड म्हणजे ०.४५४ किलो. २० पौंडांचा डंबेल ९.०७ किलोचा आणि २५ पौंडांचा ११.३४ किलोचा. अर्धा सेट किलोत आणि अर्धा पौंडात झाला, तर व्यायामाच्या वहीतले आकडे जुळत नाहीत. एकच माप धरा.

पायरी ६: बनावट

रबर चढवलेला षटकोनी, म्हणजे हेक्स डंबेल, घरासाठी पहिली पसंती. आत कास्ट आयर्न (ओतीव लोखंड), वर रबर, मध्ये स्टीलचं हँडल. सपाट बाजूंमुळे गडगडत नाही. त्यावर हात टेकून पुश-अप किंवा रेनेगेड रो (पुश-अपच्या स्थितीत एकेक डंबेल कमरेकडे ओढणं) करता येतो आणि फरशीवर आवाज कमी होतो. तोटे दोन. पहिला, नव्या रबराचा वास. पुनर्वापर केलेल्या रबरात तो जास्त आणि जास्त दिवस राहतो. दुसरा, जड वजनांत षटकोनाचे कोपरे मांडीवर टेकवताना टोचतात.

पॉलियुरेथेनचं आवरण रबरापेक्षा टिकाऊ, जवळपास बिनवासाचं आणि फरशीवर काळे डाग न पाडणारं. किंमत मात्र बरीच जास्त. रोज अनेकांनी वापरण्याच्या जागी ते परवडतं. घरात रबर पुरतं.

उघडं किंवा रंग दिलेलं कास्ट आयर्न स्वस्त, आटोपशीर आणि वर्षानुवर्षं टिकणारं. दमट हवेत गंजतं, फरशीला घातक ठरतं आणि दोन डंबेल एकमेकांवर आपटले की खणखणाट होतो. एक फायदा सहसा लक्षात येत नाही: चुंबकाची अर्धा-एक किलोची जोडवजनं उघड्या लोखंडाला पक्की चिकटतात. रबराच्या आवरणावर त्यांची पकड येत नाही. टप्पे लहान करण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग, आणि तो फक्त उघड्या लोखंडावर चालतो.

निओप्रीन किंवा व्हिनाइलचं आवरण १ ते ५ किलोपर्यंत छान. रंगीत असतात, हाताला गार लागत नाहीत. त्यापुढे घेऊ नका. घामाने हँडल बुळबुळीत होतं आणि आवरणाच्या कडा फाटू लागतात.

राहिले प्लास्टिकच्या कवचात सिमेंट किंवा वाळू भरलेले. ते स्वस्त असतात यात वाद नाही. पण कास्ट आयर्नची घनता पाण्याच्या सुमारे ७ पट, तर काँक्रीटची जेमतेम २.३-२.४ पट. म्हणजे तेवढ्याच वजनाला टोकांचं आकारमान जवळपास तिप्पट. १० किलोच्या प्रेसमध्ये दोन्ही डंबेल वर एकमेकांना धडकतात, खाली छातीला आणि दंडाला अडतात आणि हालचाल अर्धवट राहते. पडले की कवचाला चीर जाते, आतला भराव खुळखुळायला लागतो आणि वजन एका बाजूला सरकतं. ३-४ किलोपर्यंत वाटलं तर घ्या, त्यापुढे नाही.

पायरी ७: हँडल

वजनाची चर्चा सगळे करतात, हँडलची फारशी कुणी करत नाही. पकड आधी सुटली, तर पाठीला काही मिळत नाही.

व्यास: बहुतेक हातांना २८ ते ३२ मिमी ठीक बसतो. लहान तळव्याला २५-२८ बरा. ३५ च्या पुढे बोटं पूर्ण वळत नाहीत आणि रो, डेडलिफ्टमध्ये पंजा सगळ्यात आधी थकतो. तपासायची रीत सोपी: मूठ वळल्यावर अंगठा तर्जनीच्या पहिल्या पेरावर बसला पाहिजे. बोटांची टोकं तळव्यात रुतत असतील तर हँडल बारीक आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यात फट राहत असेल तर जाड.

लांबी: चार बोटांच्या मुळाशी तळव्याची रुंदी मोजा. दोन टोकांच्या मधली मोकळी जागा त्याहून २-३ सेंटीमीटर जास्त हवी. तळवा ९ सेंटीमीटर असेल तर किमान ११-१२. कमी जागेत करंगळीची बाजू टोकाच्या कडेवर घासते आणि तिथे घट्टे पडतात. जास्त झाली तर डंबेल मुठीत सरकतो आणि एका बाजूला कलतो.

आकार: सरळ दांडी किंवा मध्ये फुगीर. फुगीर हँडल तळव्यात भरून बसतं आणि प्रेसला छान वाटतं. पण रोमध्ये बोटं त्या फुगीर भागावरून घसरतात, हॅमर कर्लमध्ये (हातोडा धरावा तशी मूठ उभी ठेवून केलेला कर्ल) मूठ वर सरकवता येत नाही. एकाच प्रकारावर भागवायचं असेल तर सरळ घ्या.

नर्लिंग, म्हणजे हँडलवरची खडबडीत जाळी. ती टोकांपर्यंत सलग हवी. अंगठ्याच्या आतल्या बाजूने दाबून घासून पाहा. खरखर जाणवली पाहिजे, पण कातडी सोलल्यासारखं वाटता कामा नये. गुळगुळीत क्रोमचं हँडल दुकानात चकाकतं आणि घामाच्या हातात निसटतं. क्रोमचा मुलामा पातळ असेल तर पुढे पापुद्रे सुटतात. त्याच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात, म्हणून पापुद्रा सुटलेलं हँडल बाद समजा.

पायरी ८: हातात आल्यावर तपासणी

खोका गादीवर किंवा मॅटवर उघडा, फरशीवर नाही. परत करण्याची मुदत असेपर्यंत हे पाहून घ्या.

एक टोक डाव्या हाताने घट्ट धरून दुसरं पिळून बघा, मग कानाशी नेऊन हलवा. बारीकशी 'टक' आली किंवा टोक सूतभर जरी फिरलं तरी परत करा. टोकं दाबून बसवलेली, पिन मारलेली किंवा वेल्ड केलेली असतात. अशी सैल झालेली जोडणी घरी नीट होत नाही, आणि तोच डंबेल तुम्ही चेहऱ्यावर धरणार असता. षटकोनी बोल्टने कसलेली टोकं असतील, तर अ‍ॅलन की आणि थ्रेड लॉकर (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा चिकट द्राव) लावून घट्ट करता येतात. अशी दर दोन-तीन महिन्यांनी तपासा.

दोन्ही डंबेल सपाट जागेवर शेजारी ठेवा. हेक्स डोलत असेल तर साचा वाकडा आहे किंवा दोन टोकं एकमेकांना पिळलेली बसली आहेत.

मग वजन. बाथरूमच्या काट्यावर नुसता डंबेल ठेवू नका, लहान वजनाला तो काटा भरवशाचा नसतो. आधी स्वतःचं वजन घ्या, मग डंबेल हातात घेऊन पुन्हा, आणि वजाबाकी करा. प्रत्येकी तीनदा. सामान तोलायचा हुकाचा काटा असेल तर आणखी उत्तम. छापलेल्या आकड्यापेक्षा २-३ टक्के इकडेतिकडे चालतं. पण एक ९.७ आणि दुसरा १०.२ किलो निघाला, तर जोडीतच ५ टक्क्यांचा फरक झाला. एक हात सतत मागे पडतोय असं वाटत राहील आणि दोष हाताचा नसेल.

नव्या हँडलवर गंज रोखण्यासाठी लावलेला तेलाचा पातळ थर असतो. कोरड्या फडक्याने पुसा, मग भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने. रबराचा वास घालवायला साबणाच्या पाण्याने पुसून हवेशीर सावलीत काही दिवस ठेवा. उन्हात ठेवू नका, रबर तडकतं.

फरशी आणि जागा

टाईल्सवर डंबेलाचा कोपरा आपटला की एका बिंदूवर सगळा भार येतो आणि टाईल तडकते. ८-१० मिमीची रबर मॅट रोजच्या वापराला पुरते. कोड्यासारखे जोडायचे फोमचे तुकडे अंगाला मऊ लागतात, पण १५-२० किलोखाली कायमचे दबतात आणि त्यावर उभं राहून लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) करताना पाय डगमगतो. व्हिनाइलच्या फ्लोअरिंगवर रबर थेट ठेवू नका, न निघणारे पिवळे-तपकिरी डाग पडतात. मध्ये प्लायवूड घाला.

दोन-तीन जोड्यांना स्टँड लागत नाही, भिंतीलगत मॅटवर ओळीने ठेवल्या की झालं. उभा स्टँड घेतलाच तर जड वजन खाली, आणि उचलताना दोन्ही बाजूंनी सारखं रिकामं करा, नाहीतर तो एका अंगाला कलंडतो. घरात लहान मूल असेल तर गोल डंबेल आणि उंचावरचा स्टँड, दोन्ही नकोत.

पहिले आठवडे: एका व्यायामाचं उदाहरण

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. वरची यादी दोन किंवा तीन दिवसांत, मध्ये एक दिवस सोडून, प्रत्येकी दोन-तीन सेट अशी बसते. उच्च रक्तदाब, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

समजा एका हाताच्या रोला १० किलो झेपतात आणि पुढचा डंबेल १२.५ चा आहे. सुरुवात १० किलोने ३ सेट, प्रत्येकी १० रेप्स. शेवटी दोन रेप्स शिल्लक ठेवून थांबायचं. दर खेपेला एखाद्या सेटमध्ये एक रेप वाढवा. तिन्ही सेट १५ वर आले की रेप्स न वाढवता वेग कमी करा: वर नेताना १ सेकंद, वर थांबायला १ सेकंद, खाली आणताना ३ सेकंद. रेप्स ११-१२ वर उतरतील, उतरू द्या. ते पुन्हा १५ झाले की पुढच्या दिवशी फक्त पहिला सेट १२.५ ने करा, ६-७ रेप्स येतील. उरलेले दोन सेट १० ने. पुढच्या आठवड्यात पहिले दोन सेट १२.५ ने, त्यापुढे तिन्ही. तीन सेट एकदम बदलण्याच्या हट्टात हालचाल बिघडते आणि पाठ वाकायला लागते. असं सेटागणिक सरकलं, तर २५ टक्क्यांची उडीही पार होते.

प्रेसच्या वेळी जड जोडी छातीवर आणायची रीतही शिकून घ्या. बसून डंबेल मांड्यांवर उभे ठेवा, मागे झोपत असताना एकेक गुडघा उचलून ते वर ढकला. संपल्यावर तसंच उलट. बाजूला हात पसरून डंबेल जमिनीवर सोडायची सवय खांद्याच्या पुढच्या भागाला महागात पडते.

निगा

वापरानंतर हँडल कोरड्या फडक्याने पुसा. घामातलं मीठ नर्लिंगमध्ये साचून गंज धरतो. उघड्या लोखंडाला महिन्यातून एकदा मशीनच्या तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन चोळा, मग कोरडं पुसून काढा. हेच तेल रबराला लावू नका, ते फुगतं आणि चिकट होतं. पेट्रोल, थिनर, फर्निचरचं पॉलिश यांनाही तिथे मज्जाव. नर्लिंगमधली घाण नायलॉनच्या ब्रशने निघते. क्रोमवर तारेचा ब्रश चालवू नका.

वापरलेले घ्यावेत का?

जरूर. लोखंड म्हातारं होत नाही. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून, रंग देऊन जातो. सोडून द्यायचे ते हे: टोक सैल असलेले, रबराला आरपार भेगा गेलेले, क्रोमखाली गंजाचे फुगे आलेले आणि सिमेंट भरलेले, मग ते कितीही नवे दिसोत. जोडीतले दोन्ही एकाच मॉडेलचे आहेत ना ते पाहा, काटा सोबत न्या आणि छापलेल्या आकड्याचे नाही तर काट्यावरच्या वजनाचे पैसे ठरवा. पुढची जोडी घ्यायची वेळ आली हे ओळखायला वही पुरे: दोन मोठे व्यायाम सलग तीन आठवडे २० रेप्सवर अडकले, वेग कमी करूनही सोपे वाटू लागले, की त्या व्यायामाच्या आकड्यावरून पायरी ३ ची यादी उघडायची.